लांब पायांचा गणपती

पेण, ९ डिसेंबर

चि. सुरभी,

एका शब्दाचा अर्थ विचारायचा आहे. फोनवरच विचारला असता, पण फोनवर आपण दोघंही ‘बाकी काय’ म्हणतो आणि थांबतो. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. टपालाने बरेच दिवस जातील आणि खालच्या मूर्तीची माती तोवर थांबणार नाही.

दसऱ्यानंतर कारखान्यातल्या जितेशने तुला आईच्या नव्या मॉडेलचा फोटो पाठवला होता. उभा गणपती, मातीचा, कमरेएवढा. फोटो पाठव असं तिनेच सांगितलं होतं. ‘मी सांगितलं म्हणून नको सांगू,’ हेही सांगितलं होतं. आता सांगायला हरकत नाही. तुझं उत्तर त्याच दिवशी आलं. तू गेल्यापासून तिच्या कामाबद्दल तू लिहिलेलं ते पहिलंच. ‘बिट लेगी.’ एवढंच.

जितेश फोन घेऊन जिना चढून वर आला. आईने दोन-तीनदा बघितलं. मग मला विचारलं, “म्हणजे काय ओ?”

मी रोह्याच्या कंपनीत सगळी नोकरी स्टोअर्समध्ये काढली. पिंपांवरची, खोक्यांवरची इंग्रजी नावं वाचून माल उतरवून घ्यायचो. लेग म्हणजे पाय हे मला कळतं. पण पुढे काय लागलं की त्याचं काय होतं, ते खात्रीने माहीत नव्हतं, आणि अंदाजाने सांगायची मला सवय नाही. मी म्हणालो, “बघून सांगतो.”

नंतर तिने एकदा परत विचारलं. मी परत तेच म्हणालो. आणि मग नोव्हेंबरात ती सकाळी चहा पिता पिता गेली. पुढचे विधी तू जितेशच्या फोनमध्ये बघितलेसच.

तर तो शब्द माझ्याकडे तसाच राहिला आहे. ते कौतुक होतं का चूक दाखवली होती? मी तिला काय सांगायला हवं होतं, एवढंच मला कळायला हवं आहे.

जितेशला वेगळ्या कारणासाठी कळायला हवं आहे. साचेवाला संक्रांतीनंतर येणार. साचा घेतला की आतली माती फोडून काढतात, म्हणजे त्यानंतर मूर्तीत काही बदलता येत नाही. जितेश म्हणतो, “काका, सुरभीताई शिकलेली हाय. तिला पाय लांब दिसले म्हणजे लांबच असणार. साच्याआधी कापून घेऊ. बाकी अंगाला हात नाय लावणार.” आईचा मूर्तींचा कारखाना आता तोच बघतो आहे. व्यापाऱ्याकडे नमुना त्याला पाठवायचा आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मी त्याला थांबवून ठेवलं आहे. माती वाळून तडकू नये म्हणून मूर्तीवर ओलं फडकं असतं, वरून प्लॅस्टिक. रोज सकाळी तो फडकं भिजवतो आणि वर माझ्याकडे बघतो.

मी अजून वरच आहे. पावसाळ्यात खुबा मोडला तेव्हापासून डॉक्टरने जिना बंद केला आहे. मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. बरोबर खाली अंगणात फिरत्या पाटावर मूर्ती आहे. माझ्यामुळेच तिने या वेळी मॉडेल शेडमध्ये न करता अंगणात केलं. काम करता करता वर बघून विचारायची, कसं दिसतंय. मी काहीतरी सांगायचो. मला ती मूर्ती इथून अगदी सरळ दिसते. पाय लांब वगैरे काही वाटत नाहीत. पण यातलं मला काय कळतं, हे तुलाही माहीत आहे.

सवडीने लिही, पण संक्रांतीच्या आधी.

बाबा


पेण, १७ डिसेंबर

चि. सुरभी,

तुझा मेसेज मिळाला. ‘लांब पायांचा, इतकंच. वाईट काही नाही. ऑफिसमध्ये आम्ही दिवसभर म्हणतो.’ तुमच्या ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी माणसं, प्राणी बनवतात, तिथे म्हणत असाल. पण ‘वाईट काही नाही’ म्हणजे चांगलं असंही होत नाही. म्हणून मी आणखी चौकशी केली. दुसरं काम तरी काय आहे मला.

पलीकडच्या फारुखभाईंची इकरा आता शाळेत इंग्रजी शिकवते. तिला हाक मारली. ती बिचारी बिर्याणीचा डबा घेऊनच वर आली. मी शब्द सांगितल्यावर आधी हसली.

“काका, हा मी वर्गात घेत नाय. आठवीची पोरं आठवडाभर एकमेकांना तेच म्हणत बसतील.”

“वाईट शब्द आहे?”

“वाईट नाय. पण कोण कोणाला म्हणतंय ते बघावं लागतं. मासिकात फॅशनवाल्या मुलींबद्दल लिहितात. त्यात कौतुक असतं, पण बघणाऱ्याची नजरपण असते त्यात. माझ्याबद्दल कोणी म्हटलं तर मला नाय आवडणार.”

मग ती स्वतःच रंगात आली. घोड्याच्या पिल्लाला म्हणतात, वासराला म्हणतात, एकदम उंच झालेल्या पोराला म्हणतात. पाय आधी वाढलेत आणि बाकीचं अंग मागून येतंय, असं. त्यात माया असते. मी विचारलं, मग बगळा? त्याचे तर पायच पाय. ती विचारात पडली. म्हणाली, “बगळ्याला म्हटलं तरी चूक नाय. पण मी नाय म्हणणार. बगळा तसाच असतो ना. बाकी अंगाच्या मानाने पाय जास्त वाटले तर खरी मजा. हे आपलं माझं मत हां, काका.”

पडल्यापासून माझे पाय काटकुळे झालेत. मी पाय पुढे करून विचारलं, “मग मी लेगी का?”

“नाय काका, तुम्ही लंगडे,” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. खूप दिवसांनी मला हसू आलं.

जाताना जिन्यात थांबून तिने विचारलं, “सुरभीने ‘बिट’, म्हणजे ‘जरा’, लावलंय ना आधी? मग थोडी तक्रार हाय. ‘बिट’ लावलं की आम्ही समजतो, काहीतरी खुपलंय.”

हे तू मला सांगितलं नव्हतंस.

परवा कासूहून दाजी आला. आमच्या कंपनीतला, माझ्याच शिफ्टचा. आता त्याने नर्सरी टाकली आहे. भेटायला आला होता, पण आईबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो तसाच आहे. गॅलरीच्या कोपऱ्यात रंगाच्या डब्यांत आईने टोमॅटोचं बी टाकलं होतं, त्याची रोपं बघत बसला. बघता बघता म्हणाला, “लेगी झालीत.”

मी त्याला परत म्हणायला लावलं. तोच शब्द. मी विचारलं, हा तुला कुठून आला?

“बियाण्याच्या कंपनीचा माणूस येतो, तो बोलतो. आता आमच्या बायापण बोलतात. हौसा तर सुनेला बोलते, नुसती लेगी वाढलीयस, काम होत नाय तुझ्याच्यानं.”

“म्हणजे काय पण?”

“बघ ना. नुसता पाय. अंगात दम नाय. कोपऱ्यात ठेवलीत, उजेड एका अंगाला. रोप काय करणार, उजेड गाठायला वर वर जाणार.”

“मग टाकून द्यायची?”

“टाकतोस कशाला? टोमॅटो हाय. मानेपर्यंत मातीत घाल, पायालाच मुळं फुटतील.” आणि त्याने तिथे बसून सगळी परत लावून दिली. माझ्या खुर्चीखाली माती सांडून ठेवली, ती अजून तशीच आहे.

म्हणजे रोपाच्या बाबतीत तो दोष आहे. पण दोष रोपाचा नाही, ते ठेवलं त्या जागेचा. मला हे नवीन होतं.

आता सरळ विचारतो. कारखान्यात सगळ्या कारागिरांसमोर तू फूटपट्टी लावून आईची मूर्ती मोजली होतीस, डोकं एवढं तर पाय एवढे हवेत, म्हणून. आणि ती म्हणाली होती, “मग तूच कर कारखाना. नायतर तुझी पट्टी घेऊन जा, परत येऊ नको.” तू पट्टी घेऊन गेलीस. मी त्या दिवशी रोह्याला ड्युटीवर होतो, रात्री घरी आलो तेव्हा दोघींचं बोलणं संपलेलं होतं. ते ‘बिट लेगी’ त्याच पट्टीने लिहिलं होतंस का? तसं असेल तरी मी रागावणार नाही. तिला राग आला असता का, तेही मला आता सांगता येत नाही.

बाबा


पेण, २९ डिसेंबर

चि. सुरभी,

या वेळी तू मोठा मेसेज लिहिलास. मी तो दोनदा वाचला आणि मग फोन पालथा ठेवून जेवलो.

तू लिहितेस, आवडला होता म्हणूनच लिहिलं. नुसतं ‘छान’ लिहिलं असतं तर आईला ते खोटं वाटलं असतं. हे खरं आहे. कोणी ‘छान’ म्हटलं की ती म्हणायची, याने बघितलंच नाय. पाय खरंच लांब होते आणि त्यामुळेच तो गणपती आत्ताच चालायला लागेल असा वाटत होता, तिच्या बाकीच्या मूर्तींसारखा ठाण मांडून नव्हता, असंही तू लिहितेस. हे तिला वाचून दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या दोन शब्दांत हे सगळं होतं, ते आम्हा दोघांना कळलं नाही. पण त्यात तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. दोन शब्दांत तेवढंच मावतं.

आज मी खाली उतरलो. डॉक्टरने परवानगी दिली आहे, एका हातात काठी, दुसरा हात कठड्याला. जितेश उलटा होऊन माझ्या पुढे एकेक पायरी उतरत होता, मी पडलो तर झेलायला. म्हणत होता, “सावकाश काका. विसर्जनाची घाई नाय.” खाली कारागीर उभे होते. मी इतक्या महिन्यांनी शेडमध्ये गेलो. मग अंगणात मूर्तीसमोर स्टूल टाकून बसलो आणि जितेशने फडकं काढलं.

सुरभी, पाय लांब आहेत.

मी मुद्दाम वेळ घेऊन बघितलं. डोकं, सोंड, पोट, हात, सगळं नेहमीच्या तिच्या हातचं. आणि खाली हे पाय. घोड्याच्या पिल्लाचं इकरा म्हणाली होती ते मला पटलं. शेजारी शेडमध्ये तिच्या जुन्या उभ्या मूर्ती आहेत, त्या बघितल्या. एकीचेही असे नाहीत. म्हणजे तिचा हात असा नव्हता. मला एकदम वाटलं, तिची तब्येत आधीपासून बिघडली होती का? नजर, हात, काहीतरी? आणि मी रोज वर बसून बघत होतो आणि मला दिसलं नाही? जितेशला विचारलं. तो म्हणाला, नाय काका, हात चांगला होता, बाकी मूर्तींच्या डोळ्यांची बारीक आखणीसुद्धा त्या महिन्यात काकूंनीच केली.

मग हे कसं झालं, मला कळत नाही. तुला काही सुचतं का?

मी जितेशला सांगितलं, काप. लोक मूर्ती समोरून बघणार, चौरंगावर ठेवून. माझ्यासारख्याला दिसलं तर गिऱ्हाइकाला दिसणारच. तिच्या नावाने बाजारात जाणारी शेवटची मूर्ती आहे, लोकांनी तिला नावं ठेवायला नकोत. साचेवाल्याच्या आदल्या दिवशी कापायचं ठरलं. तार लावून गुडघ्याखाली चिरतात, मधला तुकडा काढतात आणि परत बसवतात, असं त्याने समजावलं. मी हो हो म्हटलं. ऐकवत नव्हतं.

चढताना उतरण्यापेक्षा जास्त दुखलं.

बाबा


पेण, १४ जानेवारी

चि. सुरभी,

तिळगूळ. हे पत्र लांबेल.

साचेवाला उद्या येणार म्हणून आज कापायचं होतं. सकाळी जितेश तार घेऊन आला आणि खालून म्हणाला, “काका, येताय ना? किती काढायचे ते बघून सांगा.” त्या दिवशीच्या जिन्यामुळे खुबा अजून ठणकत होता. मी म्हटलं, वरूनच सांगतो. खुर्चीत बसलो. त्याने फडकं काढलं. इथून मूर्ती परत सरळ दिसायला लागली. मला वाटलं, सवयीमुळे.

कापायच्या आधी अंदाज यावा म्हणून त्याने एक फळी घेतली आणि मूर्तीच्या पायांपुढे आडवी धरली, खालचा भाग झाकला जाईल अशी. “एवढे कमी केले तर?”

मी म्हणालो, “अरे, पाय कुठायत?”

आणि तोंडातून निघता निघताच मला कळलं की हे मी आधी म्हटलेलं आहे. याच खुर्चीतून, याच मूर्तीबद्दल.

नवरात्राच्या सुमाराची गोष्ट. ती खालून विचारायची, “अहो, कसा दिसतोय?”

मी म्हणायचो, “बरा आहे.”

“बरा म्हंजे? आमटी हाय काय ती?”

एकदा मी दिसलं ते सांगितलं. म्हणालो, “पाय कुठायत?”

“पोटाखाली गेलेत. गणपती हाय तो, पोट असणारच.”

“तरी पण गो. पाय दिसायला नकोत?”

ती हसली. कमरेवर हात ठेवून वर बघत हसली, हाताची माती लुगड्याला लागली तेही तिच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत हाक. “आता?” मी म्हणालो, “थोडे दिसतात.” तिसऱ्या दिवशी, “आता?” “आणखी थोडे.” असं बरेच दिवस चाललं. मला ती वेळ घालवायची गंमत वाटत होती. तिचं काम म्हणजे तिचं काम, माझ्या बोलण्याने त्यात काही बदलत असेल हे माझ्या मनातही आलं नाही. लग्न झाल्यापासून या वर्षी निवृत्त होईपर्यंत मी पहाटे रोह्याची गाडी धरायचो आणि अंधार पडल्यावर परत यायचो. दिवसाउजेडी तिला मूर्ती करताना मी या वर्षीच बघितलं. आणि कसा दिसतोय हे तिनेही मला या वर्षीच विचारलं.

वरून बघितलं की आधी पोट दिसतं आणि पाय पोटाच्या आड जातात. म्हणून इथून पाय पुरेसे दिसायचे तर खाली ते लांबच करावे लागतात. इतकं सोपं आहे. तू फोटोवरून ते ओळखू शकली नसतीस. फोटो जितेशने उकिडवा बसून काढला होता.

मी जितेशला तार खाली ठेवायला सांगितली आणि त्याला वर बोलावलं. सगळं सांगितलं. त्याने गॅलरीतून खाली मूर्तीकडे बघितलं. मग म्हणाला, “मी काकूंना बोललो होतो, पाय लांब होतायत. त्या म्हणाल्या, होऊ दे, वर बसलेत त्यांना दिसू देत. मला वाटलं चेष्टा करतायत.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“काय सांगू काका? काकूंनी तुमची चेष्टा केली, हे तेराव्याला सांगू?”

म्हणजे तिला माहीत होतं. खालून कसं दिसतं हे तिला कळत नव्हतं असं होणारच नाही. माहीत असून ती करत राहिली आणि मग तुला फोटो पाठवायला सांगितला. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या नजरेस ते पडतं का, हे बघायचं असेल. तुझ्या दोन शब्दांचा अर्थ ती मला विचारत होती, तेव्हा तिला तो थोडाफार कळला असावा असं आता वाटतं. तिसऱ्यांदा बघताना ती हसली होती. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, काय नाय.

आता काय ठरलं ते सांगतो. उद्या साचा आहे तसाच घ्यायचा. त्यातून दोन मूर्ती काढायच्या. एक तशीच राहील, बाजारात जाणार नाही. दुसरीचे पाय कमी करून तिच्यावरून नवा साचा घ्यायचा, तो धंद्याचा. जितेश म्हणाला, “एकासाठी साचा कोण काढतं, काका?” मी म्हटलं, आपण. तो कुरकुरला. मग खाली जाऊन त्याने फडकं परत भिजवलं आणि नीट खोचून बसवलं.

दुसरीचे पाय किती कमी करायचे ते मी सांगणार नाही. मी कुठून बघून सांगतो ते आता सगळ्यांना कळलं आहे. जितेशलाही खात्री वाटत नाही. ते तू सांग. पट्टी तुझ्याकडे आहे.

मेसेजवर सांगितलंस तरी चालेल. पण मूर्ती वाळून तयार व्हायला, मग कापायला वेळ आहे. तेवढ्यात तुला रजा मिळत असेल तर येऊन सांग. व्यापाऱ्याला जितेश सांभाळून घेईल म्हणतो. दाजीने लावलेली टोमॅटोची रोपं बुंध्याला जाड झाली आहेत, ती जमिनीत लावायची आहेत आणि मला वाकता येत नाही.

पहिली मूर्ती अंगणात त्याच जागी, त्याच पाटावर असेल. आलीस की सवयीप्रमाणे सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहू नकोस. आधी जिना चढून वर ये, माझ्या खुर्चीत बस आणि मग खाली बघ. खुर्ची मी जागची हलवलेली नाही, खालची मातीही झाडलेली नाही.

आणि तुझा शब्द तिथूनही लागू पडतो का, तेवढं मला सांग.

बाबा